घर बदलले, राखणदारही सोबत आणला

नोकरीतील बदलीमुळे पंढरपूरहून रत्नागिरीला बिऱ्हाड हलवायचे ठरले, तेव्हा सामानाविषयी कोणी फारसे विचारले नाही. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, “शेरूचे काय करणार?”

शेरू हा आमचा राखणीचा कुत्रा. पंढरपूरच्या बाहेर आमचे घर, दारात शेळ्या आणि कोंबड्या. सहा वर्षे त्याने त्यांची राखण केली. शेळ्या विकल्या गेल्या, आता त्याचे कामही संपले, असे लोकांना वाटत होते. “भाभी, इथेच सोडून द्या. वारकऱ्यांच्या गावात भाकरीला काय तोटा?” असा सल्ला अनेकांनी दिला. शेजारच्या काकूंनी मात्र वेगळेच सांगितले. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची गोष्ट या गावात सर्वांना ठाऊक आहे. काकू म्हणाल्या, “त्याच गावात कुत्रा टाकून जाऊ नका.”

आपल्या दीनची शिकवणही हीच आहे. शौक म्हणून कुत्रा पाळण्यास मनाई असली, तरी गुरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी, तसेच शिकारीसाठी परवानगी आहे. अस्हाबे कहफच्या सोबत त्यांचा कुत्राही गुहेच्या तोंडाशी होता, याचा उल्लेख कुरआनच्या सूरह कहफमध्ये आला आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतो. मग सहा वर्षे आपल्या दारावर विसंबून राहिलेला जीव रस्त्यावर सोडायचा कसा? अनोळखी गल्लीतले कुत्रे त्याला टिकू देणार नाहीत. पाळलेले जनावर ही अमानत आहे. त्याला सोबत न्यायचे ठरले.

सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता, तोही मे महिन्यात. आमच्या माणदेशाकडचे धनगर मेंढरांसोबत कुत्री घेऊन कोसच्या कोस चालतात, त्या कुत्र्यांना गाव बदलल्याचे काही वाटत नाही. कळप तोच, मालक तोच, वास तोच. गाडीत मात्र पायाखाली जमीन नसते आणि ओळखीचा वासही नसतो. म्हणून तो वास आपणच सोबत न्यायचा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून रेबीजच्या लसीची नोंद सोबत घेतली. पंधरा दिवस आधीपासून शेरूला गाडीची सवय लावली. आधी उभ्या गाडीत नुसते बसवायचे, मग चौकापर्यंत फेरी, मग सांगोला रस्त्याने थोडे लांब. गळ्यातल्या पट्ट्यावर आमचा फोन नंबर लिहिला. मागच्या सीटवर रेक्झिन आणि त्यावर त्याचे रोजचे झोपायचे पोते, मुद्दाम न धुता अंथरले. धक्का बसला तर गळ्याला फास लागू नये म्हणून छातीपट्टा घालून बांधले.

आदल्या रात्री हलके खाणे दिले, सकाळी फक्त थोडे पाणी. फजर अदा करून ऊन चढण्याआधी निघालो. दर दोन तासांनी थांबून, दोरी हातात धरून त्याला फिरवले, पाणी पाजले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातील उष्णता कमी करतो. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. त्यामुळे चहा-नाश्त्याला आणि जुहरच्या नमाजलाही आम्ही आळीपाळीने गेलो, एक जण कायम त्याच्याजवळ राहिला.

खरी परीक्षा कोल्हापूरच्या पुढे, आंबा घाटात. वळणांवर त्याची लाळ गळू लागली, तो सारखा जांभया देऊ लागला. ही मळमळीची लक्षणे. गाडी सावकाश चालवली, काच थोडी खाली केली, पण डोके बाहेर काढू दिले नाही. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत, काहींनी जीवही जातो. औषध लागलेच तर आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पाकीचा प्रश्नही येतो. हनफी मसलकनुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, कोरडे अंग लागल्याने कपडे नापाक होत नाहीत. कोकणातील आपले बांधव बहुतेक शाफई, त्यांच्याकडे हा नियम अधिक कडक आहे. आम्ही नमाजचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवले, त्याचे भांडे वेगळे ठेवले आणि नव्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याची जागा मागच्या आवारात केली.

नव्या घरी तेच पोते, तीच भाकरी, तीच वेळ. पहिले दोन दिवस तो जेवला नाही, रात्री विव्हळत राहिला. त्याला कोणी रागावले नाही. दोन-तीन आठवडे त्याला मोकळा सोडला नाही, कारण नव्या जागेतून पळालेला कुत्रा जुने घर शोधत भरकटतो. एके रात्री आवारात काही खसफसले आणि तो खणखणीत भुंकला. त्याने हे घर आपले मानले, हे तेव्हा कळले. अल्हमदुलिल्लाह.

बदली, लग्न, शिक्षण यांमुळे आपली कुटुंबे आज सारखी गाव बदलतात. सामानाची यादी करताना दारातल्या मुक्या जीवाचे नावही त्यात लिहा. नेणे शक्यच नसेल, तर सांभाळणारे घर शोधून मगच निघा.