वसई, मकाव आणि मागे राहिलेली माणसं

प्रिन्स्टन जंक्शन हे स्टेशन नावापुरतं प्रिन्स्टनचं. आहे ते आमच्या वेस्ट विंडसरमध्ये. तिथून न्यूयॉर्ककडे जाणारी गाडी पकडून न्यूअर्क पेन स्टेशनला उतरलं, की पलीकडे आयर्नबाउंड लागतं. फेरी स्ट्रीटवर पोर्तुगीज बेकऱ्या, पोर्तुगीज पाट्या. आणि इकडे घराच्या आजूबाजूला चिनी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्याकडून मकावचा विषय निघाला, की माझं मन वसईला जातं.

मकाव पोर्तुगिजांनी लढून घेतलं नव्हतं. १५५७च्या सुमारास ते मिंग अधिकाऱ्यांच्या संमतीनं तिथे राहिले आणि पुढे जवळजवळ तीन शतकं चीनला जमिनीचं भाडं देत आले. एकोणिसाव्या शतकात गव्हर्नर फेरेरा दो अमारालनं ते बंद पाडलं. १८४९मध्ये त्याचा खून झाला. लिस्बनमध्ये १९७४ साली क्रांती झाल्यावर पोर्तुगालनं वसाहती सोडायला घेतल्या. १९८७मध्ये चीनशी करार झाला आणि २० डिसेंबर १९९९ला मकाव चीनकडे गेलं. तिथली राहणी, कायदे पन्नास वर्षं तसेच ठेवू, अशी हमी त्या करारात आहे.

वसईत सत्ता बदलली ती त्याच्या २६० वर्षं आधी. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४मध्ये पोर्तुगिजांना दिलेली वसई चिमाजी अप्पांनी मे १७३९मध्ये घेतली. तटाखाली सुरुंग लावले गेले, मराठ्यांची हजारो माणसं पडली. एवढं रक्त सांडूनही शरण आलेल्या शिबंदीला हत्यारांनिशी, मानानं जाऊ दिलं आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. मला त्या विजयातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वसईहून नेलेली, वाईजवळच्या मेणवलीची घंटा आपण कौतुकानं बघतो, तहातलं हे कलम मात्र कोणी सांगत नाही.

ही दोन बंदरं परकी नव्हती एकमेकांना. वसईप्रमाणे मकावही गोव्याच्या अधिकाराखाली होतं, ते १८४४पर्यंत. गोव्याहून सुटलेली गलबतं मकाववरून नागासाकीला जात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया त्याच नागासाकीत १५९७मध्ये क्रूसावर मारले गेले आणि १८६२मध्ये संत ठरले.

मागे राहिलेल्यांचे वंशज आजही वसईत वाड्या राखून आहेत. त्यांतले अनेक जण घरात कादोडी बोली बोलतात आणि लिहितात मराठी. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांच्यातलेच. वसईची हिरवळ वाचवायला ते रस्त्यावर उतरले, ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणलं आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला याचं मला आजही वाईट वाटतं. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पेशव्यांच्या सरदारांनी ज्यांना इथलेच मानलं, त्यांच्या मराठीपणाची शहानिशा आपण कशाला करावी?

आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मुलांना वसईचा वेढा नाटकातून माहीत असतो. पडदा भगवा झेंडा चढल्यावर पडतो. मला त्यापुढचा प्रवेश हवा आहे: शिबंदी गेल्यावर वसईतच राहिलेलं एखादं ख्रिस्ती शेतकरी कुटुंब आणि नवा मराठा कमाविसदार. तो प्रवेश मी लिहायला घेतला आहे.