आठव्या बिटाचे ऋण

लिस्बनहून येणाऱ्या बाईंच्या ईमेलमध्ये ‘ज्वांव’ हे नाव ‘जोको’ होऊन यायचे. गोष्ट गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतली. बाई निवृत्त शिक्षिका. तोरे दो तोम्बो या अभिलेखागारात बसून त्या माझ्यासाठी जुने कागद उतरवून घेत. मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतून पोर्तुगालचा राजा आणि गोव्याचा विजरई यांचा पत्रव्यवहार चाले. त्याच्या दप्तरांचे काही खंड पणजीत आहेत, काही लिस्बनला गेले. मराठ्यांबद्दलचे त्यांतले उल्लेख मला पुण्यात बसून मिळत होते, तेही एक पैसा न देता. पण पोर्तुगीजमधली डोक्यावर खुणा असलेली अक्षरे वाटेत मोडत, आणि नेमकी माणसांची, गावांची नावे ओळखू येईनाशी होत.

आमच्या संस्थेत संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांचे ऋण मोठे आहे. प्रिंटआउट बघून त्यांनी विचारले, “ताई, नागमोडी रेघेचा ए हवा तिथं दर वेळी सीच येतोय का?”

होय, दर वेळी सीच.

“मग हे मनाला येईल तसं मोडलेलं नाही. आठवा बिट पडलाय.”

त्यांनी कागदावर मांडून दाखवले. १९८२ साली ईमेल पोचवण्याचे जे नियम ठरले ते सात बिटांचे, म्हणजे १२८ चिन्हांपुरते. इंग्रजीला तेवढी पुरतात. खुणांची अक्षरे मात्र १२८ च्या पुढच्या आकड्यांवर बसतात, आणि वाटेतला एखादा जुना संगणक आठवा बिट कापून टाकतो. नागमोडी ए चा आकडा २२७. त्यातून १२८ गेले, ९९ उरले. ९९ म्हणजे सी. खाली शेपटी असलेला सी २३१ वर, म्हणून त्याचा जी होतो. तिरप्या रेघेचा ई २३३ वर, त्याचा आय.

पोर्तुगीज त्यांना येत नव्हते. तरी त्यांनी एवढे मनावर घेतले, त्याचे कारण मला पुढे कळले. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ठरवलेल्या ‘इस्की’ संकेतावर त्यांनी काम केले होते. त्यात सगळी देवनागरी अक्षरे त्या वरच्या १२८ जागांत होती. पोर्तुगीजचे एखादे अक्षर बिघडे; इस्कीतले मराठी पत्र तसे निघाले, तर एकही अक्षर शिल्लक राहत नसे. ते त्यांनी पाहिले होते.

काकांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक संशयित सी, जी आणि आय भोवती कंस घाली. पुढचा निवाडा माझा, कारण खरा सी कुठला हे भाषा येणाऱ्यालाच कळणार. संध्याकाळी संस्था रिकामी झाली की आम्ही बसायचो. नेहमीचे शब्द भराभर सुटत; अनोळखी आडनाव आले की मी अडायची. तिथे ते मला अंदाज लिहू देत नसत. “कंस राहू दे, ताई. पुढचा माणूस बघेल.” इतिहासाच्या शिस्तीचे शिक्षण मी विद्यापीठात घेतले होते, तरी ते हाडात मुरले ते काकांच्या शेजारी बसून.

१९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ची पद्धत मांडली, तिचा उपयोग काकांनीच सुचवला. खुणेचे अक्षर तसेच न पाठवता त्याच्याऐवजी बरोबरचे चिन्ह आणि त्या अक्षराचा सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा पाठवायचा; तो सात बिटांतूनही सुखरूप जातो. मेलच्या प्रोग्राममध्ये काय बदलायचे ते त्यांनी मराठीत सांगितले, मी पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि बाईंनी ते केले. पुढच्या पत्रात ज्वांव ज्वांव होऊन आला.

नंतर यूटीएफ-८ आले आणि रोग बदलला. नागमोडी ए च्या जागी नागमोडीच, पण मोठा ए आणि पौंडाची खूण दिसू लागली. तोवर काका निवृत्त झाले होते. फोनवर म्हणाले, “हे बरं आहे, यात काहीच गेलेलं नाही. एका अक्षराचे दोन बाइट तुमचा प्रोग्राम दोन अक्षरं समजून वाचतोय. त्याला नीट वाचायला सांगा.” देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून बिघडलेली मराठी एवढी लांबलचक दिसते, हेही त्याच फोनवर समजले.

बाईंच्या उताऱ्यांतले काही कंस अजून तसेच आहेत. लिस्बनला निघालेला कुणी अभ्यासक भेटला की खंड आणि पानांचे क्रमांक लिहून मी त्याच्या हाती देते.