आमची एक चूक व ‘स्ट्रक्ट’चा धडा

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकानें आपली चूक शाळेच्या वार्षिकांत छापावी, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु जी चूक सूचनाफलकावर लागली, ती येथें मान्य करण्यांत कमीपणा कसला? शिवाय ‘सी’ नामक संगणकभाषेंतील एक मोठी सोय आम्हांस या चुकीनेंच शिकविली.

कांहीं वर्षांपूर्वीं सहामाही परीक्षेचा निकाल लावण्यासाठीं आम्हीं ‘सी’ भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. वर्गांत मुलें 48. नांवांची एक रांग व गुणांची दुसरी, अशा दोन रांगा केल्या. या रांगेस ‘ॲरे’ म्हणतात. पहिल्या रांगेंतील पांचवें नांव आणि दुसरींतील पांचवा आकडा एकाच मुलाचा, हा संबंध केवळ आमच्या डोक्यांत होता. यंत्रास त्याची वार्ताही नव्हती. पुढें गुणानुक्रम लावतांना गुणांची अदलाबदल करणाऱ्या ओळी आम्हीं लिहिल्या, नांवांच्या लिहावयाच्या राहिल्या. गुण उतरत्या क्रमानें लागले आणि नांवें हजेरीपटाप्रमाणें जागच्या जागीं उभीं राहिलीं! नुसत्या नजरेनेंही हें ध्यानांत यावयास हवें होतें. परंतु यंत्रानें छापलेलें तें बिनचूक, या समजुतीनें आम्हीं तो कागद फलकावर लावला.

हजेरींतील शेवटचा मुलगा कष्टाळू होता. त्याच्यापुढें 19 गुण पडले. तो कांहीं न बोलतां घरीं गेला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले व संकोचानें म्हणाले, “सर, पोरगा रात्रीं जेवला नाहीं. ‘सर चुकणार नाहींत, मीच कमी पडलों,’ एवढेंच म्हणतो. एकदां पेपर पाहतां का?” आम्हीं उत्तरपत्रिका काढली, तींत 71 गुण होते. तिकडे हजेरींतील पहिल्या मुलाच्या घरीं पेढे वांटून झाले होते. त्याचेही मन आम्हांस मोडावें लागलें. वर्गापुढें उभे राहून आम्हीं दोघांची क्षमा मागितली.

त्या रात्रीं प्रोग्रॅम नव्यानें लिहिला, तो ‘स्ट्रक्ट’ घेऊन. स्ट्रक्ट म्हणजे एकाच वस्तूविषयींच्या भिन्न जातींच्या माहितीची एकत्र मोट. तो शब्द लिहून नमुन्यास नांव द्यावें, महिरपी कंसांत क्रमांक, नांव, गुण हे घटक आपापल्या जातीसह मांडावे आणि कंस मिटल्यावर अर्धविराम द्यावा. तो विसरणारे पुष्कळ! एवढ्यानें स्मृतींत जागा अडत नाहीं. करंजीचा साचा आणला म्हणून ताटांत करंजी पडत नाहीं, तसेंच हें. त्या नमुन्याचे 48 विद्यार्थी मागितले म्हणजे जागा मिळते. मग विद्यार्थ्याचें नांव, एक टिंब व ‘गुण’ असें लिहिलें कीं त्याचेच गुण हातीं येतात. आतां दोघांची अदलाबदल केली तर क्रमांक, नांव, गुण सारें एकदमच हलतें. एक मागें राहील ही धास्तीच उरत नाहीं.

मात्र येथेंही सावधपण हवें. फंक्शनकडे स्ट्रक्ट सोंपविला तर त्याच्या हातीं नक्कल जाते. आम्हीं एकदां 5 वाढीव गुण अशा नकलेसच दिले. अस्सल होता तसाच राहिला! अस्सल सुधारावयाचा तर त्याचा पत्ता द्यावा, आणि पत्त्यावरून आंत जातांना टिंबाऐवजीं बाणाचें चिन्ह वापरावें. तसेंच, 4 बाइटांचा क्रमांक व 1 बाइटाची श्रेणी यांची बेरीज 5 होत असली, तरी बहुतेक यंत्रांवर असा स्ट्रक्ट 8 बाइट अडवितो. क्रमांक सोयीच्या पत्त्यावर पडावा म्हणून कंपाइलर मोकळी जागा सोडतो.

या सोयीचें महत्त्व थोरांनाही अनुभवानेंच पटलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची ‘सी’ भाषा घडवीत असतां, 1972 सालीं त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली तींत लिहूं पाहिली. तेव्हां भाषेंत स्ट्रक्ट नव्हता. तो प्रयत्न त्यांनीं सोडून दिला. पुढें स्ट्रक्ट आला, आणि 1973 च्या उन्हाळ्यांत युनिक्सचा गाभा ‘सी’मध्यें लिहून झाला.

तो कष्टाळू मुलगा पुढें चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. आम्ही मात्र आजही निकाल फलकावर लावण्यापूर्वीं हजेरींतील पहिलें व शेवटचें नांव उत्तरपत्रिकेशीं ताडून पाहतों. आणि मित्रहो, छापील कागद व तुमची मेहनत यांचा मेळ बसत नसेल, तर उपाशी निजूं नका, आमच्याकडे या.