टाकीमागची जागा

मागच्या वर्षी जुलैमधला एक मंगळवार. सकाळचा स्टँडअप चालू होता आणि ताईचा फोन आला. ताई ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाही, त्यामुळे केलाच तर काहीतरी घोटाळा आहे असं धरून चालायचं. "शाळेतून बोलावणं आलंय. हे बंगलोरला गेलेत. तू येशील का रे? मला एकटीने नाही जायचंय."

गेलो.

तर गोष्ट आमच्या भाचेबुवांची. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. पुणे मेट्रोची सगळी स्टेशनं उलटसुलट पाठ. पण कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून गॅलरीत पळणार, आणि मिरवणुकीतला ढोल जवळ आला की रडून थैमान. आम्ही हसायचो. 'भित्री भागूबाई' हे नाव मीच ठेवलेलं. आता आठवलं की लाज वाटते, पण ठेवलं होतं खरं.

शाळेत कळलं ते असं. साहेब मोठ्या सुट्टीत डबा घेऊन थेट पाण्याच्या टाकीमागे जायचे. टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात दोन-अडीच फुटांची सांद आहे, तिथे बसायचे. बाईंचं म्हणणं, "मुलांत मिसळत नाही. आणि तिथे विंचूकाटा निघाला तर जबाबदार कोण?" म्हणून शाळेने तिथे लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलं. मग चार दिवस पोटदुखी, दोन दिवस संडासात लपणं, आणि त्या मंगळवारी, अंगावर ओरडत आलेल्या एका मुलाच्या दंडाला कडकडून चावा. त्या मुलाची आई समोरच बसली होती. ताईने तिची माफी मागितली, मीही मागितली. बाईंचा शेवट ठरलेला होता : "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

ताईने दाखवलंही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी तासभर बघून एवढंच सांगितलं, की याला आवाज आपल्यापेक्षा जास्त टोचतो, हे नाटक नाही. आणि मग ताईला विचारलं, "शाळेत याला दहा मिनिटं शांत बसायला जागा आहे का?"

होती ना! आपणच कुलूप लावलं तिला.

आता आपण पडलो इंजिनियर. प्रॉब्लेम दिसला की आधी मोजमाप. पुढच्या शनिवारी परवानगी काढून मोठ्या सुट्टीत मैदानात उभा राहिलो, मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकून. (अ‍ॅप म्हणजे काही प्रमाणित मीटर नव्हे, पण अंदाज येतो.) तास चालू असताना आकडा ५० च्या आसपास. घंटा झाली आणि दोन मिनिटांत ९०. डेसिबलची गंमत अशी की दर दहाला तीव्रता दसपट होते. म्हणजे ४० ने वाढ म्हणजे दहा हजारपट! खरा विनोद पुढे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा 'शांतता क्षेत्र' म्हणून जाहीर करता येतो, आणि तिथे दिवसाची मर्यादा आहे ५० डेसिबल. थोडक्यात, गेटबाहेरच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायचा नाही, आणि आत आपण हे असं.

मुलांचा दोष नाही, त्यांनी ओरडायलाच हवं. दोष मैदानाचा. तीन बाजूंना इमारत, चौथीला भिंत, वर पत्र्याची शेड, खाली पेव्हर ब्लॉक. आवाजाला जिरायला कुठे मऊ जागाच नाही, तो आपटत फिरतो. वर्गांची सुट्टी दोन पाळ्यांत केली तर? हिशोब केला. आवाज करणारे निम्मे केले तर फक्त तीन डेसिबल कमी होतात. फुकट!

मी आकडेमोड करत उभा असताना मागून शाळेचे शिपाईमामा आले. "साहेब, तो तुमचाच पोरगा का? मी लक्ष ठेवायचो त्याच्यावर. रोज आधी काठी आपटून घ्यायचो तिथे." एवढं बोलून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. मी आत शिरून, पोट सांभाळत, भाचेबुवांच्या जागी बसलो.

आणि ट्यूब पेटली. पाठीला भिंत. एका बाजूला टाकी, गार. शेजारच्या बंगल्यातल्या आंब्याची फांदी डोक्यावर. आणि टाकीच्या कडेवरून सगळं मैदान दिसत होतं! पोरगा मुलांपासून पळून गेला नव्हता. तो त्यांना बघत होता, त्याला झेपेल एवढ्या अंतरावरून. जे. अ‍ॅपलटन नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली हेच मांडलं होतं : आपण दुसऱ्यांना पाहू शकतो पण आपण चटकन दिसत नाही, अशी जागा माणसाला मुळातच आवडते. हॉटेलात आपण कोपऱ्यातलं टेबल का पकडतो, त्याचं हे उत्तर. सात वर्षांच्या युजरने सगळ्या रिक्वायरमेंट्स स्वतः लिहून ठेवल्या होत्या, आणि आम्ही त्याला बग समजून फिक्स मारला.

मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो ते प्रिंटआउट घेऊनच. बार्सिलोनातल्या ३६ प्राथमिक शाळांमधल्या २,५९३ मुलांचा वर्षभर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झालाय. ज्यांच्या शाळेत आणि शाळेभोवती हिरवळ जास्त, त्यांची वर्किंग मेमरी वर्षभरात जास्त सुधारलेली दिसली. (झाड लावलं की मार्क वाढले, असा याचा अर्थ नाही. त्यातला बराचसा परिणाम रहदारीचा धूर कमी असण्याशीही जोडलेला आहे.) पॅरिसने २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणं फोडून तिथे माती आणि झाडं आणायला सुरुवात केली, तेही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाडं लावायला नाही कोण म्हणतंय? पण त्या कोपऱ्यात मुलाला काही झालं, आणि कोणाला दिसलंच नाही, तर?"

प्रश्न अगदी रास्त होता. किंबहुना सगळं डिझाइन त्या एका प्रश्नाभोवतीच झालं.

जागा ठरली इमारतीच्या मागच्या अंगाला, साधारण पंधरा फूट बाय वीस. झाडांच्या कुंपणाने आवाज अडतो हा माझा गैरसमज वाचता वाचता गळून पडला. पातळ झुडपांतून आवाज आरामात आरपार जातो. अडतो तो भरीव गोष्टीने : इमारत, भिंत, मातीचा बांध. म्हणून इमारतीची आड घेतली आणि मैदानाच्या बाजूला दोन फूट उंच मातीचा बांध घातला. दाराच्या वाटा दोन ठेवल्या, कारण एकच वाट असली की आतला कोंडला जातो. झुडपं कमरेएवढीच वाढू द्यायची. बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि उभ्या बाईंना त्याचं डोकं दिसतं. बाकं एकट्यादुकट्याने बसायची, पाठ भिंतीला. खाली पेव्हर ब्लॉक काढून मुरूम आणि पालापाचोळा. कारंजं नको, पुण्यात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण.

झाडांचा अभ्यास तर वेगळाच निघाला. शाळा जूनमध्ये सुरू होते, मेमध्ये सुट्टी. मग ऐन उन्हाळ्यात फुलणारा बहावा लावून मुलांनी बघायचा कधी? त्याऐवजी पारिजातक : पावसाळ्यात बहर येतो, सकाळी शाळा भरते तेव्हा सडा पडलेला असतो, आणि पान बोटाने घासलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. पानफुटी, गुळगुळीत आणि जाड. गवती चहा, चुरगाळून वास घ्यायला. सप्तपर्णी बाद, ऑक्टोबरमधल्या तिच्या वासाने मोठ्या माणसांचंही डोकं उठतं. कण्हेर बाद, विषारी. आणि थेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून दोन मोठ्या झाऱ्या. जड काहीतरी उचलून नेलं की स्नायूंना आणि सांध्यांना जोर पडतो, आणि त्याने पुष्कळ मुलं शांत होतात म्हणे. खर्च? पालकांच्या वर्गणीतून आणि चार रविवारांच्या घामातून भागला. पैकी दोन रविवार माझी कंबर कामातून गेली होती.

आता चुका. पहिली : हौसेने मी एक विंड चाइम टांगलं. भाचेबुवा आले, कानांवर हात, परत गेले. त्याच दिवशी काढलं.

दुसरी चूक मोठी. आम्ही रंगवून पाटी लावली, 'शांत कोपरा'. पंधरा दिवसांत तो शिक्षेचा कोपरा झाला. "फार मस्ती करतोस ना? जा, शांत कोपऱ्यात बस!" वर, तिथे जो जाईल तो 'तसला', असं मुलांनी ठरवून टाकलं. भाचेबुवा जायचे बंद झाले आणि पुन्हा संडासात. सगळं करून आपण त्या पोरावर एक शिक्का तेवढा मारला, असं ताई रडवेली होऊन म्हणाली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपाय मुख्याध्यापिका बाईंनीच काढला. पाटी उतरवली. कोणालाही तिथे 'पाठवायचं' नाही, असा शिक्षकांना नियम केला. आणि झाऱ्यांची पाळी सगळ्या वर्गांना वाटून दिली, म्हणजे प्रत्येक मुलाला तिथे जायला काही ना काही काम. महिन्याभरात जागेचं नाव आपोआप 'पारिजात' पडलं. आता तिथे कोण बसतं? नुकतीच आई गेलेली चौथीतली एक मुलगी. वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगा, पाच मिनिटं, रोज. डोकं दुखत असलेल्या एक बाई. आणि ज्याला चावला होता तो मुलगाही, कारण त्याला झारी ओतायला आवडते.

सोमवारी ऑफिसला गेलो की बघतो. ओपन प्लॅन मजला, दीडशे माणसं, आणि निम्म्यांच्या कानांवर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. फोकस रूमसाठी कॅलेंडरवर भांडणं. आपल्याला कोणी "मिसळत नाही" म्हणून डॉक्टरकडे पाठवत नाही, कारण आपल्याकडे हेडफोनचे पैसे आहेत. सात वर्षांच्या पोराकडे टाकीमागची सांद तेवढी होती.

सगळं छान झालं असं लिहायचा मोह होतोय, पण तसं नाही. कुकरची शिट्टी अजून टोचतेच. गणपतीत ताई दोन दिवस त्याला घेऊन आजोळी जाते. मोठ्या सुट्टीत तो रोज मिसळतो असंही नाही. गेल्या शनिवारी पारिजातकाची छाटणी करायला गेलो, तेव्हा हा बाकावर डबा खात होता, शेजारी तो चावा घेतलेला मुलगा. दोघंही काही बोलत नव्हते, मैदानाकडे बघत होते. मी जाऊन टेकलो तर भाचेबुवा म्हणाले, "मामा, तिकडे बस. आमचं दिसत नाहीये."

उठलो आणि पलीकडे जाऊन बसलो.