सरकणारं पान

परवा मला माझ्या भाच्याची माफी मागावी लागली. आठवीतल्या मुलाची! कारण सांगतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोत, आमच्या कॉलनीतली मुलं दिवाळीच्या सुट्टीत हस्तलिखित काढतात. यंदा त्यांनी ठरवलं की ते संगणकावर करायचं. मी प्रोग्रामिंगचे उद्योग करतो, त्यामुळे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मी एक वेबपान तयार केलं. पडद्याचे उभे दोन भाग. डावीकडे मजकूर लिहायचा, उजवीकडे तोच मजकूर चित्रांसकट छापल्यासारखा दिसणार. (कल्पना जुनीच बरं का! टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जगातला पहिला ब्राउझर लिहिला, तो वाचण्यासाठी होता तसा लिहिण्यासाठीही होता.)

आता डावी बाजू खाली सरकवली की उजवीही सरकायला हवी, नाहीतर नुसती शोधाशोध. दोन्हींची लांबी मात्र सारखी नसते, उजवीकडे चित्रं असतात ना! म्हणून हिशेब असा : डावी निम्मी सरकली की उजवीही निम्मी. सोपं आहे, पण मी पहिल्याच दिवशी आपटलो. मजकूर १००० ठिपके उंच आणि खिडकी ४०० ठिपक्यांची असेल, तर सरकायला जागा फक्त ६०० ठिपके. मी भागत होतो १०००ने! मग पान तळाला कसं पोचणार?

दुसरी गंमत याहून मोठी. पान हाताने सरकवलं की प्रोग्रामने, हे ब्राउझर सांगत नाही. तो फक्त म्हणतो, "सरकलं!" डावी सरकली म्हणून मी उजवी सरकवली. लगेच उजवी म्हणाली, "मी सरकले!" म्हणून प्रोग्रामने पुन्हा डावी सरकवली. दाराशी दोन पाहुणे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसावेत, तसं. मी उपाय केला : आपण पाठवलेला आकडा लक्षात ठेवायचा. तोच आकडा परत आला, तर तो आपलाच आवाज समजून सोडून द्यायचा. छान चाललं. मी खूश!

फक्त भाचा खूश नव्हता. तो पाणचक्कीवर लेख लिहीत होता. "मामा, टाईप करताना पान आपोआप वर जातं."

"तुझाच हात लागत असेल माउसला," मी म्हणालो. एकदा नाही, तीनदा म्हणालो. माझ्या संगणकावर तर काहीच होत नव्हतं! बाकीची मुलं त्याला "चालतं पान" म्हणून चिडवू लागली. चौथ्या दिवशी त्याने वहीत लिहिलेला लेख माझ्यापुढे ठेवला. "मी हातानंच लिहितो," एवढंच बोलला.

ते मला लागलं. मी त्याच्याच खुर्चीवर जाऊन बसलो, कशालाही हात न लावता. त्याचा चष्मा जाड आहे, म्हणून त्याने पान १५० टक्के मोठं करून ठेवलं होतं. एक अक्षर टाईप केलं, हात उचलला. पान हळूच दोन ओळी वर सरकलं!

घोळ असा होता. १५० टक्क्यांना पानाचा एक ठिपका पडद्यावरचे दीड ठिपके व्यापतो. मी सांगितलं, "१०१वर जा." म्हणजे पडद्याचे १५१.५ ठिपके. अर्धा ठिपका आणायचा कुठून? ब्राउझर १५१ किंवा १५२वर थांबतो आणि परत सांगतो, १००.६७ किंवा १०१.३३. माझा प्रोग्राम म्हणायचा, "मी तर १०१ पाठवले होते, म्हणजे हा कुणाचा तरी हात!" की पुन्हा ढकलाढकली. आकडा सम असला की मात्र सगळं सुरळीत, १००चे बरोबर १५०. म्हणून कधी व्हायचं, कधी नाही.

मी भाच्याला सगळं समजावलं आणि "चुकलं माझं" म्हणालो. तो जरा विचार करून म्हणाला, "मामा, आकडे कशाला जुळवतोस? ज्याच्या हातात खडू, त्यानंच बोलायचं."

अगदी बरोबर! ज्या बाजूला शेवटचा हात लागला, तिचंच ऐकायचं. दुसरी काहीही म्हणो. प्रोग्राममध्ये मी त्या खुणेचं नावच 'खडू' ठेवलंय. एक काळजी घ्यावी लागली. मोबाइलवर बोट उचललं तरी पान घसरत राहतं, म्हणून बोट उचलताच खडू काढून घ्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला हात लागला तरच तो तिला द्यायचा.

पाणचक्कीचा फोटोही उशिरा उमटायचा आणि खालचा मजकूर धाडकन खाली जायचा. त्याची लांबी-रुंदी आधीच सांगून टाकली. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं!

संध्याकाळी भाच्याने वहीतला लेख टाईप करायला घेतला. दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी कसं आणलं, त्याच्या जोरावर जातं कसं फिरायचं, सगळं त्यात होतं. मी मागे उभा. पान हललं नाही. आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अरे, पनचक्की म्हणतात तिला." भाचा म्हणाला, "आमच्या पुस्तकात पाणचक्की आहे."

तो वाद अजून चालू आहे.