मागच्या दाराजवळचा बाक

डॉक्टरांनी कागदावर अक्रोडाएवढे एक वर्तुळ काढले आणि त्याच्या दोन्ही अंगांनी बारीक रेषा ओढल्या. वर्तुळ म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, आपण सारे जिला प्रोस्टेट म्हणतो ती. रेषा म्हणजे तिला बिलगून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्या. रक्तातील पीएसए ११ वर गेले होते आणि सुईने काढलेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला होता. ग्रंथी समूळ काढून मूत्राशयाचे तोंड खाली मूत्रमार्गाला शिवायचे ठरले. "या नसा वाचवण्याचा प्रयत्न करू," ते म्हणाले आणि जरा हसून पुढे म्हणाले, "अर्थात फादर, तुम्हाला तो प्रश्न नाही."

मीही हसलो. रात्री मात्र ते वाक्य उशाशी येऊन बसले. डीकनपदाची दीक्षा घेताना मी ब्रह्मचर्य स्वीकारले, ते एक देणे होते. जे माझे होते ते मी देवाला दिले होते आणि दररोज सकाळी नव्याने देत आलो होतो, कधी आनंदाने, तर कधी दात आवळून. आता तेच शस्त्राने काढून नेले जाणार असेल, तर उद्यापासून मी देणार काय? सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ अभ्यासले. त्यांत या प्रश्नाला पान नव्हते. संसारी माणूस निदान पत्नीजवळ डोळे पुसू शकतो. माझे काही हरवते आहे, हेच कोणाच्या ध्यानी नव्हते.

आदल्या संध्याकाळी माझ्याहून वीस वर्षांनी लहान अशा सहायक धर्मगुरूने मला रुग्णाभ्यंग दिला. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला. तो केवळ मरणासन्नांसाठी नाही, गंभीर शस्त्रक्रियेपूर्वीही घ्यावा, हे मी आयुष्यभर लोकांना समजावीत आलो. तरीही तेलाची कुपी पाहिली की घरातल्या बायका पदर तोंडाला का लावतात, ते त्या संध्याकाळी कळले. जुन्या प्रथेत धर्मगुरूच्या हातांच्या मागील बाजूस तेल लावीत, कारण तळवे दीक्षेच्या दिवशीच अभ्यंगित झालेले असतात. त्याने नव्या विधीप्रमाणे तळवेच हाती घेतले. त्याचा अंगठा थरथरत होता.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मी झोपलो होतो. एका बाजूच्या नसा वाचल्या, दुसरीकडच्या नाही. खरी परीक्षा दहा दिवसांनी नळी काढल्यावर सुरू झाली. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणे, कशानेही वस्त्र ओले होई. पॅड घ्यायला मी दोन स्थानके पलीकडच्या औषधाच्या दुकानात जात असे, साध्या सदऱ्यात. (तेथेही एका बाईंनी "फादर, इकडे कुठे?" म्हणून विचारलेच.) पहिल्या रविवारी वेदीसमोर गुडघा टेकवून उठताना ऊब जाणवली. पांढऱ्या झग्याखाली काय चालले आहे हे कोणाला दिसत नव्हते, पण उरलेली मिस्सा मी घाईत उरकली.

त्याच वेळी माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. बाजूच्या दाराजवळ एक काका बसत आणि दर रविवारी मध्येच उठून जात. तीन वर्षांपूर्वी या धर्मग्रामात आलो तेव्हा मी प्रवचनातच म्हटले होते, "मिस्सा म्हणजे एसटी नव्हे, वाटेल तिथे उतरायला." सारे हसले होते. काका त्यानंतर कित्येक महिने दिसले नाहीत. मीही चौकशी केली नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टींनंतर विचारले, "काका, तुमचंही ऑपरेशन झालं होतं का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. सून आत होती. मग हळू आवाजात म्हणाले, "सात वर्षं झाली, फादर. फक्त हिला ठाऊक होतं." बाई जाऊन दोन वर्षे झाली होती.

मी क्षमा मागितली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि एखाद्या नवशिक्याला शिकवावे तसे सांगू लागले. उठण्यापूर्वी ओटीपोटाखालचे स्नायू कसे आवळायचे, प्रवासात कोणत्या बाजूस बसायचे. "आणि सकाळचा चहा सोडा."

स्नायूंचा व्यायाम नेमाने करतो. पुढच्या तपासणीत पीएसए मोजण्याइतकेही उरलेले नव्हते. डॉक्टरांच्या त्या वाक्यापाशी मी अजून अधूनमधून जागा राहतो. सकाळी प्रार्थनेला बसतो तेव्हा हात रिकामे वाटतात, ते तसेच पुढे करतो. बाजूचे दार मिस्सेच्या वेळी नुसते लोटून ठेवावे, कडी घालू नये, असे सेवकाला सांगितले आहे. हल्ली त्या बाकावर काकांच्या शेजारी आणखी दोघे बसतात. चहा मात्र मला सोडवलेला नाही.