अपुरी काडी

सायकलच्या व्हॉल्व्हला लागते ती बारीक काळी रबरी नळी घ्यायची. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि गूल खरवडलेल्या आगकाड्या त्यांत दोन्ही बाजूंनी खोचायच्या. चार काड्यांचा चौरस जरा दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. सहावीच्या वर्गात मी हे दरवर्षी करून घेते आणि दरवर्षी कुणी ना कुणी चौरस पक्का करायला मध्ये तिरकी काडी घालू बघतं. काडी पुरत नाही. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे तेव्हा बोटांनाच कळतं. यंदा एका मुलीनं काडी तशीच धरून ठेवली आणि चौरसच कलवत कलवत तिच्या मापाला आणला. काडी दोन्ही कोपऱ्यांना टेकली आणि चौरसाचे दोन समभुज त्रिकोण झाले! ती बघत राहिली. मी मुद्दाम काही बोलले नाही.

ही काडी-नळीची करामत अरविंद गुप्तांची. टेल्को कंपनीतल्या नोकरीतून वर्षभराची रजा काढून ते १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि गावच्या बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान उभं करू लागले.

हाच पाठ आमच्या वर्गातल्या डिजिटल संचातही आहे. पडद्यावर चौकोन कलतो, त्रिकोण ठाम राहतो, टाळ्यांचा आवाज येतो, पुढचा मुद्दा सुरू. मुलं शांत बसून बघतात, विचारलं तर उत्तरही बरोबर देतात. पण प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हजर असतं, हे मला फार खटकतं. अपुरी काडी त्या पाठात येतच नाही.

तरी पडदा नकोच, असं मी म्हणणार नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या कोडमुळे मुलाला पाठ थांबवता येतो, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो, याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं. भरल्या वर्गात ‘बाई, परत सांगा’ म्हणायचा धीर सगळ्यांना होत नाही. गुप्तांनीही आपल्या खेळण्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले. ते बघितलेलं मूल जागेवरून उठतं आणि घरात काड्या शोधायला लागतं.

आता आमच्या वर्गात आधी काड्या, मग पडदा. परवा हावडा पुलाचं चित्र लावलं, तर ‘बाई, थांबवा, मोठं करा’ म्हणून एकच गलका झाला. त्या पोलादी सांगाड्यातले त्रिकोण शोधण्यात तास संपला. मधल्या सुट्टीत तिघं शाळेच्या लोखंडी फाटकापाशी उभी होती. त्याच्या चौकटीत तिरकी पट्टी कशाला जोडली असेल, यावरून त्यांचं चांगलंच जुंपलं होतं.